हिशेबनिसाचं घर

बढतीची बातमी घरात कशी येते, हे नोकरदारांच्या घरांना सांगायला नको. वडील चपला काढता काढताच सांगून टाकतात. आई देवापुढे साखर ठेवते. पगार किती वाढला, हे मुलं विचारतात. मग चहा होतो आणि चहाबरोबर कोणाला डावललं, कोणाचं तोंड उतरलं, याची उजळणी होते. मुळात ती जागा रिकामी कशामुळे झाली, हा प्रश्न त्या उजळणीत अगदी शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही.

असंच एक घर २९ जानेवारी १९३७ रोजी प्रागच्या प्रेक्षकांनी रंगमंचावर पाहिलं. नाटकाचं नाव ‘बीला नेमोत्स’, म्हणजे पांढरा रोग. लेखक कारेल चापेक. ‘रोबो’ हा शब्द जगाला ज्याच्या नाटकातून मिळाला, तोच हा चापेक. (तो शब्द सुचवला मात्र त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने.) ‘पांढरा रोग’मध्ये जगभर एक साथ पसरली आहे. आधी अंगावर एक पांढरा डाग उठतो. तो भाग संगमरवरासारखा थंड आणि बधिर होतो. मग माणूस जिवंतपणी सडत जातो. रोग गाठतो तो पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना. तरुणांच्या वाट्याला तो जात नाही.

त्या घरातला बाप क्रूग नावाच्या बड्या कारखानदाराकडे हिशेबनीस आहे. वरच्या जागांवरची माणसं रोगाने नेली आणि याचा नंबर लागला. हिशेब खात्याचा तो मुख्य झाला. घरात तरणी मुलं आहेत. त्यांच्या पिढीला नोकऱ्या नाहीत. म्हाताऱ्यांनी जागा मोकळ्या केल्या तरच आमचं काही जमेल, असा त्यांचा रोकडा हिशेब आहे आणि तो ती आईबापांच्या तोंडावर बोलून दाखवतात. यात कोणी दुष्ट नाही. माणसं सुखी आहेत, एवढंच. त्या सुखाच्या मुळाशी किती मयती आहेत, हे त्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असण्याचा त्रास होत नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवस गेले ते खतावण्यांत, ताळेबंदांत आणि ज्येष्ठता यादीत. ज्येष्ठता यादी म्हणजे काय, हे बँकवाल्यांना, सरकारी नोकरांना विचारा. आपल्या नावावर किती नावं आहेत, त्यांतलं कोण कधी निवृत्त होणार, हे माणसाला पाढ्यांसारखं पाठ असतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज कोणाचा ना कोणाचा फोटो हार घालून येत होता. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागायची. आणि दोन-तीन दिवसांनी, अगदी हळू आवाजात, त्या शाखेवर आता कोण जाणार, याची चौकशी सुरू व्हायची. विचारणारी माणसं चांगली होती. त्यांतल्या काहींनी रात्र रात्र फिरून दुसऱ्यांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवले होते. तरी प्रश्न यायचाच. चापेकने चौऱ्याऐंशी वर्षं आधी तो प्रश्न एका घराच्या बैठकीत मांडून ठेवला होता. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली, तेव्हा मला या नाटकातली वयाची रेघ आठवली आणि हसू मात्र आलं नाही.

साथीचं नाटक म्हणून गेल्या काही वर्षांत ‘पांढरा रोग’ची आठवण अनेकांनी काढली. पण ते साथीचं नाटक नाही. साथ हे निमित्त आहे. नाटक आहे ते युद्धाचं, आणि युद्ध घरातून कसं सुरू होतं याचं.

गोष्ट थोडक्यात अशी. गालेन नावाचा एक साधा डॉक्टर. गरिबांच्या वस्तीत दवाखाना चालवणारा, बोलताना अडखळणारा, मागच्या युद्धात डॉक्टर म्हणून राबलेला. या रोगावर त्याला औषध सापडतं. राजधानीतल्या बड्या इस्पितळाचे प्रमुख सिगेलिउस त्याला मोठ्या नाखुशीने तेराव्या वॉर्डात प्रयोग करू देतात, कारण तिथले रोगी फुकटे. रोगी बरे होऊ लागतात. देशाचा हुकूमशहा, ज्याला सगळे नुसतं ‘मार्शल’ म्हणतात, वॉर्ड पाहून इस्पितळाचं कौतुक करून जातो. तेवढ्यात गालेन वार्ताहरांना सांगतो, की औषधाचं गुपित मी देईन, पण एका अटीवर. राष्ट्रांनी युद्ध कायमचं सोडावं. तोवर मी फक्त गरिबांना बरं करीन. ज्यांच्या हाती सत्ता आहे, पैसा आहे, त्यांनी आधी शांतता करावी. गालेनची इस्पितळातून हकालपट्टी होते. पुढे रोग्यांना पहाऱ्यातल्या छावण्यांत डांबण्याची योजना काढणारे हेच सिगेलिउससाहेब.

गालेनची ही अट कोणालाही खटकेल. मलाही खटकते. रोगी दारात उभा असताना डॉक्टरने अटी घालाव्यात? समोरच्या बाईचा काय दोष? आपल्याकडच्या वैद्याच्या कल्पनेत हे बसत नाही आणि ते बसू नये. चापेकनेही गालेनला देव केलेलं नाही. एका चांगल्या माणसाच्या हातून भलं करण्यासाठी केवढी निष्ठुरता होते, हे तो उघड दाखवतो. मात्र एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. किमतीसाठी औषध अडवून धरण्याची जगाला सवय आहे. कोविडवरच्या लशी आणि औषधांचे पेटंटहक्क साथ असेपर्यंत बाजूला ठेवावेत, असा प्रस्ताव भारताने आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला. त्यावर तडजोडीचा, अर्धामुर्धा निर्णय व्हायला जून २०२२ उजाडला. पैशासाठी अडवलं की तो व्यवहार ठरतो आणि शांततेसाठी अडवलं की ओलीस धरणं ठरतं. हा फरक कोणी आणि कधी ठरवला, हे वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावं.

आता हिशेबनिसाकडे वळू. त्याच्या बायकोच्या अंगावर पांढरा डाग उठतो. ज्या रोगाने बढती दिली, तोच घरात शिरतो. नवराबायको गालेनकडे येतात. गालेन त्याच्याकडे मागतो काय? पैसे नाहीत, शपथा नाहीत. तो एवढंच म्हणतो, की तुम्ही क्रूगची नोकरी सोडा. क्रूगच्या कारखान्यात तोफा आणि दारूगोळा तयार होतो. तुम्ही तिथे नसलात तर मी तुमच्या बायकोला बरं करतो.

आणि हिशेबनीस नाही म्हणतो.

नाटकातली ही जागा मी जितक्या वेळा वाचली, तितक्या वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्याचं म्हणणं आपल्याला कळतं, हीच अडचण आहे. आयुष्यभर खुर्चीवर वाकून जे मिळवलं, ते एका डागापायी कसं सोडायचं? शिवाय मी कुठे तोफा ओततो? मी आकडे लिहितो. नावे-जमा करतो. बेरजा जुळवतो. खतावणीच्या पानाला बंदुकीच्या दारूचा वास येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कर्जाच्या अर्जावर कारखान्याचं नाव असतं, तारण असतं, परतफेडीचे हप्ते असतात. त्या पैशाने पुढे काय घडणार, याच्यासाठी अर्जात रकाना नसतो. पांढरपेशा माणसाचं सगळं निरपराधपण त्या न छापलेल्या रकान्यावर उभं आहे.

त्यानंतर गालेनकडे खुद्द क्रूग येतो. त्यालाही डाग उठला आहे. जगातला एक महाश्रीमंत माणूस भिकाऱ्याच्या वेषात येतो, कारण गालेन फक्त गरिबांना बरं करतो. गालेन त्याला ओळखतो आणि कारखाने थांबवायला सांगतो. भ्यालेला क्रूग मार्शलकडे जाऊन शांततेसाठी गयावया करतो. मार्शल ऐकत नाही. उलट निर्भयपणा दाखवायला तो रोगी क्रूगशी हस्तांदोलन करतो. क्रूग स्वतःला संपवतो. मार्शल गालेनलाही बोलावून धमकावतो. गालेन बधत नाही. अखेर मार्शल एका छोट्या शेजारी देशावर सैन्य सोडतो, सज्ज्यात उभा राहून जमावापुढे भाषण करतो आणि आवेशात छातीवर मूठ मारतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की छातीला मूठ लागलेली कळली नाही. डाग त्यालाही उठला आहे.

आता मोठी माणसं काय करतात ते पाहा. मार्शल वाकतो. त्याची मुलगी आणि क्रूगचा तरुण वारस, दोघं मिळून त्याला समजावतात आणि तो गालेनची अट मान्य करतो. म्हणजे कारखानदाराने हात जोडले, हुकूमशहाही नमला. तिघांत गालेनने सगळ्यात थोडं मागितलं होतं ते हिशेबनिसाकडे, फक्त एक राजीनामा. तेवढा एकटा राहिला, जो शेवटपर्यंत नमला नाही.

औषधाची पेटी घेऊन गालेन राजवाड्याकडे निघतो. रस्त्यात युद्धाचा जयजयकार करणारी गर्दी असते. युद्ध नको, असं तो म्हणतो. गर्दी त्याला तिथेच ठार करते. औषधाच्या कुप्या पायांखाली चिरडल्या जातात. ज्या मार्शलचा जयघोष चालला आहे, त्याचा जीव आपण आत्ता आपल्याच टाचेखाली फोडला, हे त्या गर्दीला ठाऊकही नसतं. पडदा पडतो तेव्हा घोषणा चालूच असतात.

ती गर्दी कुठून आली? आकाशातून पडत नाही गर्दी. ज्या घरांत बढतीचा चहा झाला, ज्या घरांत बापाने राजीनामा दिला नाही आणि का दिला नाही यावर कोणी बोललं नाही, त्याच घरांतून ती पोरं निघतात. त्या घरांत त्यांना कोणी मारायला शिकवलं नव्हतं. त्यांच्या कानावर पडत होतं ते एवढंच, की आपलं भलं झालं की पुरे.

हे सगळं ज्या वास्तूत घडलं, तिची कथाही इथे सांगायला हवी, कारण चापेकच्या प्रेक्षकांना ती ठाऊक होती. काउंट नोस्टिट्झ याने बांधलेलं हे थिएटर १७८३ मध्ये सुरू झालं. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, ‘मातृभूमीला आणि कलादेवतांना’. २९ ऑक्टोबर १७८७ रोजी मोझार्टने आपल्या ‘डॉन जोव्हानी’चा पहिला प्रयोग इथेच केला, स्वतः वाद्यवृंद चालवून. १८३४ च्या डिसेंबरात योसेफ कायेतान तिलच्या ‘फिद्लोवाच्का’ या नाटकात एका आंधळ्या वादकाच्या तोंडी एक गाणं आलं, आपलं घर कुठे आहे असं विचारणारं. चाल फ्रान्तिशेक श्क्रोउपची. तेच आज चेक देशाचं राष्ट्रगीत आहे. रणगर्जना न करता घराची चौकशी करणारं राष्ट्रगीत जगात विरळाच.

पण त्याच घराने दुसरंही काही पाहिलं. प्रागमध्ये तेव्हा चेक आणि जर्मन असे दोन्ही भाषक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि हे थिएटर जर्मन रंगकर्मींच्या ताब्यात होतं. चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर दोनच वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९२० रोजी, चेक जमावाने ते बळाने घेतलं. राष्ट्राध्यक्ष मासारिक, ज्यांना सारा देश बाप मानत होता आणि ज्यांच्याशी झालेल्या संवादांचं पुस्तक चापेकनेच लिहिलं, त्यांना हे रुचलं नाही. त्यांनी पुन्हा कधी त्या थिएटरात पाऊल ठेवलं नाही. म्हणजे चापेकचं जमावाचं नाटक रंगलं ते जमावाने जिंकलेल्या वास्तूत. जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन चार वर्षं झाली होती, स्पेन पेटलं होतं. मार्शल कोण, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. पण गर्दी शेजारच्या देशात असते आणि आपल्याकडे फक्त देशभक्त असतात, अशी समजूत करून घेण्याची सोय त्या खुर्च्यांत बसलेल्यांना नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी प्रागला गेलो होतो तेव्हा त्या थिएटरसमोर बराच वेळ उभा राहिलो. ‘डॉन जोव्हानी’च्या तिकिटांसाठी पर्यटक आले होते. मिलोश फॉर्मनने ‘अमेडियस’ चित्रपटाचं चित्रीकरण इथे केल्यामुळे जगाला ही वास्तू मोझार्टची म्हणून ठाऊक आहे. बाहेर काशाचा एक पुतळा बसवला आहे. नुसता झगा आहे, डोक्यावरून घेतलेला. आत माणूस नाही. तो ‘डॉन जोव्हानी’तल्या पात्राचा आहे. मला तो पाहताना हिशेबनीस आठवला, याला इलाज नाही.

चापेकला भाबडा शांततावादी ठरवणारे तेव्हाही होते. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. याच थिएटरात १२ फेब्रुवारी १९३८ रोजी, म्हणजे जेमतेम वर्षभराने, त्याचं ‘मात्का’ हे नाटक आलं. मात्का म्हणजे आई. नवरा आणि मुलं एकामागून एक गमावलेली ही बाई उरलेल्या शेवटच्या मुलाला कवटाळून बसते, कोणत्याही लढाईला देणार नाही म्हणते. पण चढाई करून आलेले लोक मुलांचीही हत्या करत आहेत, हे ऐकल्यावर तीच भिंतीवरची बंदूक काढून त्याच्या हातात देते. तेव्हा चापेकचा राग शस्त्र उचलण्यावर नव्हता. घरावर चालून आलेल्याला अडवावं लागतं, हे त्याला कळत होतं. त्याचा राग होता तो युद्धाच्या उत्सवावर, आणि त्या उत्सवाचा खर्च कोणाच्या नावे पडतो हे न पाहणाऱ्या हिशेबावर. आई बंदूक देते तेव्हा ती काय देते आहे, हे तिला ठाऊक असतं. ‘पांढरा रोग’मधल्या गर्दीला ते ठाऊक नसतं. त्या दोन नाटकांमधलं अंतर एवढंच आहे आणि ते फार मोठं आहे.

पुढचा इतिहास वाचकांना माहीत आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला मित्रराष्ट्रांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून दिला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, चापेक न्यूमोनियाने गेला. वय अठ्ठेचाळीस. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि गेस्टापो त्याला पकडायला घरी आले. तो आधीच गेला आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. भाऊ योसेफ मात्र सापडला. छळछावण्यांमधून फिरत एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला आलं असताना, तो बेर्गेन-बेल्झेनला मेला. गालेनची भूमिका करणारा नट ह्यूगो हास ज्यू होता. त्याने नाटकावर त्याच वर्षी चित्रपट काढला होता. तो देश सोडून अमेरिकेला निसटला. त्याचा संगीतकार भाऊ पावेल मागे राहिला आणि १९४४ मध्ये आउश्विट्झला मारला गेला. रंगमंचावरची छावणी आणि रंगमंचावरची गर्दी दोन-तीन वर्षांतच थिएटरच्या दारातून बाहेर आली होती.

आज जगात एकाहून अधिक ठिकाणी युद्धं चालू आहेत. ती आपल्या दिवाणखान्यात रोज रात्री येतात. नकाशे, बाण, क्षेपणास्त्रांचे पल्ले, आणि जेवणाच्या ताटावरून आपण केलेली टीकाटिप्पणी. शेजारी मुलं बसलेली असतात. कोणत्या कंपनीचे शेअर्स युद्धामुळे वर गेले, हेही आपण त्याच सुरात सांगतो. मार्शल होण्याची संधी आपल्यापैकी कोणाला मिळणार नाही, क्रूगही कोणी होणार नाही. पण हिशेबनिसाची खुर्ची प्रत्येक घरात आहे. मोठ्या लोकांनी काय करावं, याची चर्चा आपण रोज करतो. आपल्याकडून किती थोडं मागितलं जात आहे आणि तेवढ्यालाही आपण काय उत्तर देतो, हे मुलं ऐकत असतात. ती काही बोलत नाहीत. पुढे कधीतरी रस्त्यावर, हातात झेंडा आणि समोर एकटा माणूस असताना, त्यांना ते उत्तर आठवतं.